मार्चचं ऊन आणि परसातली द्राक्षं: घरगुती वाईनची कृती सोलापूरसाठी कशी बदलावी?

मांडवकर
परसात ८ बाय १० फुटांचा मांडव आहे. त्यावर शरद सीडलेस या काळ्या, बिनबियांच्या द्राक्षाचा एकच वेल. खाऊन, वाटून झाल्यावरही साधारण १२ किलो घड उरतील. त्यांची साधी लाल वाईन कशी होते ते नीट समजून घ्यायचं आहे.

अडचण अशी, की वाचायला मिळणारी प्रत्येक कृती थंड प्रदेशातली असते. "थंड तळघरात ठेवा", "उबदार कोपरा शोधा" असं त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे द्राक्ष तयार होतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा दुपारी बाहेर ३६-३७ अंश आणि घरात ३२-३३. तळघर तर नाहीच. म्हणून तीन प्रश्न: उष्णतेचं काय करायचं? शरदसारख्या खायच्या द्राक्षाला साखर आणि आंबटपणा किती लागतो? आणि बेकरीचं यीस्ट चालतं का?

सातरस्ता
तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. चालतं, पण घेऊ नका. ब्रेडचं यीस्ट पीठ फुगवायला निवडलेलं असतं. १० टक्के अल्कोहोलच्या आसपास ते थकायला लागतं, तळाशी घट्ट बसत नाही आणि वाईनला पावाचा वास देतं. वाईन यीस्टची ५ ग्रॅमची पुडी २० लिटरपर्यंत पुरते.

पहिल्या दोन प्रश्नांवर जाणकार लिहितीलच.

शेंगाचटणी
शरद पिकते वसंतात, हे एक बरंय बगा आपल्याकडं! बाकी वाचतोय.

नान्नजचा_माळ
शरद असेल तर अभिमानानं सांगा. हे वाण आपल्याच उत्तर सोलापूर तालुक्यातलं. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी किशमिश चोर्नीच्या वेलींतून ते निवडलं. सोनाका हे वाणही त्यांचंच, नाव सोलापूर-नान्नज-काळे यांच्या पहिल्या अक्षरांवरून.

पण वाईनच्या दृष्टीनं एक लक्षात घ्या. शरदचा रंग फक्त सालीत असतो, गर जवळजवळ बिनरंगी. मणी मोठा, म्हणजे रसाच्या मानानं साल कमी. मणी फुगवायचं जीए (जिबरेलिक आम्ल) दिलेलं असेल तर आणखीच कमी. वाईनच्या जातींचे मणी मुद्दाम लहान आणि जाड सालीचे असतात. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या बागेत सांजोवेजे या वाईनच्या जातीचे घड पाहिले की फरक लगेच कळतो. शरदची वाईन हलक्या लाल रंगाची होईल. दाट जांभळ्या रंगाची अपेक्षा धरू नका. आणि रंगासाठी साली जास्त दिवस ठेवायचा मोह टाळा. रंग बहुतेक पहिल्या ४-५ दिवसांतच उतरतो, त्यापुढे कडवटपणा उतरत राहतो.

कोर्टगल्ली
आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. वाईन त्यात येते. "घरच्यापुरती केली" ही सबब तिथे चालत नाही. वाटली किंवा विकली तर प्रकरण आणखी वाढतं. ज्यांना खरंच करायची आहे त्यांनी आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात विचारावं, मगच भांडं काढावं.

मांडवकर
धन्यवाद, हे माहीत असणं गरजेचं होतं. आधी तिथे चौकशी, परवानगीशिवाय काही नाही. पण शास्त्र समजून घ्यायचं आहे, म्हणून धागा चालू ठेवू या.

दूरदेशी
इथे कॅलिफोर्नियात घरासाठी केलेली चालते. अमेरिकेत एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विक्री मात्र अजिबात नाही. सॅक्रामेंटोला द्राक्ष ऑगस्ट-सप्टेंबरात येतं आणि दुपार सोलापूरसारखीच तापते, त्यामुळे मांडवकरांचा प्रश्न इथेही रोजचाच आहे. १२ किलोचा हिशोब मांडतो.

देठ आणि सडके, फुटके मणी काढून ११ किलो धरा. देठ पूर्ण काढायचे, हिरवा देठ तुरट चव सोडतो. मणी हातानं कुस्करायचे. मिक्सर नको, साली इतक्या बारीक होतात की गाळ महिनोन्महिने खाली बसत नाही. लगदा अंदाजे १० लिटर होईल, पिळल्यावर हाती ७ लिटरच्या आसपास येईल. भांडं २० लिटरचं घ्या, रुंद तोंडाचं, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचं किंवा स्टीलचं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड नको, आम्लात ते विरघळतं. निम्मं भांडं रिकामं का, तर आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात आणि फेस चढतो.

रिफ्रॅक्टोमीटरनं गोडी मोजा. ती ब्रिक्समध्ये येते, म्हणजे ढोबळमानानं रसातली साखरेची टक्केवारी. खायला तोडलेली शरद १८-१९ ब्रिक्सला असते. ब्रिक्सला ०.५५ नं गुणलं की साधारण अल्कोहोलची टक्केवारी मिळते. १९ चे साडेदहा, २२ चे बारा टक्के. बाराच्या आसपासची वाईन टिकते, दहाची आपल्या हवेत लवकर बिघडते. एक ब्रिक्स वाढवायला लिटरला १२ ग्रॅम साखर. म्हणजे १९ वरून २२ वर न्यायला ७ लिटर रसाला सुमारे २५० ग्रॅम. साखर त्याच रसात विरघळवून घाला, पाण्यात नको.

बार्शीची_अनघा
दूरदेशी, गूळ चालेल का? नैसर्गिक म्हणून विचारतेय.

दूरदेशी
अनघाताई, आंबेल, पण चव काकवीची येईल आणि वाईन गढूळ राहील. इथे साधी पांढरी साखरच बरी.

एक राहिलं. रिफ्रॅक्टोमीटर फक्त आंबण्याआधी खरा. अल्कोहोल तयार झालं की तो चुकीचा आकडा दाखवतो. आंबायला लागल्यावर हायड्रोमीटर वापरा, तो रसाची घनता दाखवतो. सुरुवातीला १.०९० च्या आसपास, संपताना १.००० च्या खाली, ०.९९२ ते ०.९९६. सलग तीन दिवस तोच आकडा आला तर आंबणं संपलं. बुडबुडे थांबले म्हणून संपलं असं समजू नका.

कुकरची_शिट्टी
द्राक्षावर जी पांढरी लव असते तेच यीस्ट ना? मग धुवायचं नाही आणि बाहेरून काही घालायचंही नाही. जुनी पद्धत तीच आहे.

प्रयोगवही
नाही. ती लव म्हणजे मेण आहे. मण्यातलं पाणी उडू नये म्हणून सालच ते तयार करते. त्यावर थोडे रानटी यीस्ट बसलेले असतात, पण त्यांच्यासोबत व्हिनेगरचे जिवाणू आणि बुरशीही असते. थंड हवेत चांगल्या यीस्टला बाकीच्यांवर मात करायला वेळ मिळतो. ३३ अंशाला ती शर्यत व्हिनेगरचे जिवाणू जिंकू शकतात. म्हणून आपल्याकडे नुसत्या रानटी आंबवणीवर विसंबणं धोक्याचं. घड धुवा, कापडावर पसरून पंख्याखाली पूर्ण सुकवा, मगच कुस्करा.

त्यानंतर केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. घरी स्क्वॉश करणाऱ्यांना ते माहीत असतं. चमच्यानं मोजू नका, इथे चिमटीचा फरकही मोठा असतो. १० ग्रॅम केएमएस थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा. हे द्रावण १० लिटर लगद्याला ९ मिली घातलं की साधारण ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) सल्फर डायऑक्साइड मिळतो. जिवाणू दबतात आणि रस तपकिरी पडत नाही. भांड्यावर कापड टाकून १२ ते २४ तास थांबा, मग यीस्ट. लगेच यीस्ट घातलं तर तेही दबतं. द्रावण ताजंच करा. घरात कुणाला दमा असेल तर केएमएस हाताळताना त्यांना लांब ठेवा, वाफेनं त्रास होतो.

आणि स्क्वॉशचीच दुसरी बाटली, सोडियम बेंझोएट, चुकूनही घालू नका. ते यीस्टला वाढूच देत नाही. पुढे पुडीमागून पुडी घातली तरी रस हलत नाही.

सातरस्ता
प्रयोगवहीशी सहमत. लव हे यीस्ट हा समज इतका पक्का आहे की द्राक्षवाल्यांच्या तोंडीही ऐकू येतो.

बार्शीची_अनघा
आंबटपणाबद्दल कुणी लिहिलं नाही. शरद गोडच गोड असते. लिंबाचं सत्त्व घालू का? की चिंचेचा कोळ? चिंचेत टार्टारिक आम्ल असतं असं वाचलंय.

प्रयोगवही
बरोबर वाचलंत. चिंचेत टार्टारिक भरपूर असतं आणि द्राक्षाचं मुख्य आम्लही तेच. पण कोळासोबत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा घटक) आणि तपकिरी रंगही येतो, आणि नेमकं किती आम्ल गेलं ते मोजता येत नाही. शुद्ध टार्टारिक पावडर मिळते, तीच वापरा. लिंबाचं सत्त्व म्हणजे सायट्रिक, ते टाळलेलं बरं. काही जिवाणू त्याचं लोण्यासारख्या वासाच्या पदार्थात रूपांतर करतात.

मात्रा: आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका आंबट. २.८ ते ४.४ एवढाच टप्पा दाखवणारी पीएच पट्टी घ्या. १ ते १४ ची नको, तिच्यावर फरक दिसतच नाही. उन्हात पिकलेल्या खायच्या द्राक्षाचा पीएच ३.७-३.८ पर्यंत जातो. तो ३.४-३.५ वर आणायचा. लिटरला १ ग्रॅम टार्टारिकनं पीएच साधारण ०.१ नं उतरतो. आधी लिटरला १ ग्रॅम घाला, ढवळा, तासाभरानं पुन्हा मोजा. एकदम २ ग्रॅमच्या वर जाऊ नका, जीभ नाराज होईल. हे केवळ चवीसाठी नाही. पीएच जास्त असेल तर तेवढ्याच केएमएसचा परिणाम कितीतरी पटीनं कमी होतो. आपल्या उन्हाळ्यात वाईन टिकते की नाही हे बरंचसं इथेच ठरतं.

शेंगाचटणी
मालक, वाईन गार कशी ठेवायची ते कोण सांगणार? एसीच्या खोलीत मांडायची का काय?

सातरस्ता
एसी लागत नाही. आपल्या हवेचा एक गुण आहे, ती कोरडी असते. माठ ज्या कारणानं गार होतो तेच इथे वापरायचं.

घंगाळात किंवा मोठ्या टबात पाणी घ्या, भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत. भांडं त्यात ठेवा. भांड्याभोवती जाड सोलापुरी टॉवेल गुंडाळा, खालचं टोक पाण्यात. टॉवेल पाणी ओढत राहतो आणि ते उडताना भांड्यातली उष्णता घेऊन जातं. टॉवेल टेरीचा, सुती आणि जुना, धुवून धुवून मऊ झालेला हवा. कोरा टॉवेल पाणी नीट ओढत नाही. समोर पंखा लावा किंवा वारा येणाऱ्या खिडकीत ठेवा. बंद कपाटात ठेवलं तर यातलं काही होत नाही. मार्चमध्ये खोलीपेक्षा ६-७ अंशांचा फरक पडतो. ढगाळ, दमट दिवशी मात्र फारसा नाही. तेव्हा एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून टबात सोडा, सकाळी एक, दुपारी दोन, आणि आळीपाळीनं बदला.

प्रयोगवही
यात एक भर. थर्मामीटर खोलीत टांगून उपयोग नाही, लगद्यात बुडवा. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. सगळ्यात गरम जागा असते ती सालींच्या थराखाली. तिथे खालच्या रसापेक्षा ४-५ अंश जास्त सहज असतात. म्हणून आधी ढवळा, मग मोजा. लाल वाईनला २४ ते २८ अंश उत्तम. ३० ला सावध व्हा. ३५ ओलांडलं की यीस्ट मरायला लागतं आणि आंबणं अर्धवट थांबतं, गोड रस तसाच राहतो. असा अडकलेला रस म्हणजे जिवाणूंना आयतं ताट.

नान्नजचा_माळ
यीस्टची जातही बघा. ईसी-१११८ नावाजलेली आहे, पण तिची कमाल मर्यादा ३० अंशांची. के१-व्ही१११६ ही ३५ पर्यंत तग धरते. मार्चच्या शेवटी करणार असाल तर दुसरी.

दूरदेशी
यीस्ट जागं करण्याची पद्धत सांगतो, बहुतेक चुका इथेच होतात. १० लिटर लगद्याला ३ ग्रॅम पुरे. ३० मिली पाणी, ३७-३८ अंश, म्हणजे मनगटाला जेमतेम कोमट लागेल इतपत. त्यावर यीस्ट भुरभुरवा आणि १५-२० मिनिटं तसंच ठेवा. या पाण्यात साखर घालू नका. मग लगद्यातला रस चमचा-चमचा करून त्यात मिसळत जा. लगदा २२ अंशाला आणि यीस्ट ३८ ला असेल तर थेट ओतू नका. दोघांत १० अंशांपेक्षा जास्त फरक असला की धक्क्यानं बरंच यीस्ट मरतं. हे सगळं संध्याकाळी करा. रात्री गारवा असतो, पहिली वाढ शांतपणे होते.

मग दिवसातून तीनदा सालींचा थर खाली दाबायचा. लाकडी रवी उकळत्या पाण्यातून काढून वापरा. थर कोरडा राहिला की त्यावर चिलटं बसतात आणि ती व्हिनेगरचे जिवाणू घेऊन येतात. तोंडाला पातळ सुती कापड, घट्ट बांधून. पाचव्या-सहाव्या दिवशी पिळून घ्या. पंचात घालून हातानं पिळलं तरी पुरे. शेवटचा थेंब काढायचा अट्टहास नको, तो कडूच असतो.

कुकरची_शिट्टी
पाच दिवस फक्त कापड? झाकण घट्ट लावलं तर हवा लागणार नाही, जास्त चांगलं नाही का?

प्रयोगवही
अजिबात नाही. साखर आंबली की जवळजवळ निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड होतो. वर सांगितलेल्या ७ लिटर रसातून साडेचारशे लिटरच्या घरात वायू निघतो. काचेची बरणी घट्ट बंद केली तर ती फुटतेच, काचा खोलीभर. पहिल्या आठवड्यात हाच वायू रसावर पांघरुणासारखा बसतो, म्हणून कापड पुरतं.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. धान्याच्या पेवात उतरताना आधी दिवा सोडून बघायची रीत होती, ती अशाच वायूसाठी. लहान बंद खोलीत, बळदात किंवा पलंगाखाली भांडं ठेवू नका. खिडकी उघडी असू द्या.

पिळल्यावर मात्र बरणीला एअरलॉक हवा. सलाइनची नवी नळी झाकणाच्या भोकातून आत, वरच्या वर, रसात बुडणार नाही अशी. दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. भोकाभोवती मेण. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. किंमत नगण्य.

वेळापूरचा_पाहुणा
काळजीनं विचारतो. घरी केलेल्या वाईनमध्ये मिथेनॉल होऊन डोळे जाण्याची भीती असते ना? बातम्या येतात तशा.

प्रयोगवही
प्रश्न योग्य आहे. द्राक्षातल्या पेक्टिनमधून किंचित मिथेनॉल होतं, पण ते फार कमी, बाजारच्या वाईनमध्ये असतं तेवढंच. बातम्यांतल्या दुर्घटना औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूच्या असतात. वाईन आंबवून होते, उकळून नव्हे. मात्र गाळण, भट्टी, डिस्टिलेशन या वाटेला चुकूनही जाऊ नका. तो वेगळा आणि खरोखर जीवघेणा विषय आहे.

नान्नजचा_माळ
शेतकऱ्यांकडून नेहमी होणारी चूक आधीच सांगून ठेवतो. कृतींत "यीस्टचं खाद्य म्हणून डीएपी" असं लिहिलेलं असतं. ते खाण्यायोग्य दर्जाचं डायअमोनियम फॉस्फेट. शेतातल्या १८:४६ च्या पोत्यातलं नव्हे, त्यात शरीराला नको असलेल्या धातूंचे अंश असतात. युरिया तर मुळीच नाही. युरियापासून वाईनमध्ये इथाइल कार्बामेट तयार होतं, आणि ते कर्करोगाशी जोडलं जातं.

खाद्य मिळालं नाही तर बेकरीचं कोरडं यीस्ट चमचाभर पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करून घाला. मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टला पोसतं. बेदाणे घालायचा सल्ला मिळतो, त्यात फार अर्थ नाही. बाजारच्या बेदाण्यावर डिपिंग ऑइलचा (द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून लावलेल्या तेलाचा) अंश असतो, पिवळ्याला गंधकाची धुरी दिलेली असते.

धायटी
अवांतर: आयुर्वेदात द्राक्षारिष्ट आहेच. द्राक्षांचा काढा, गूळ आणि धायटीची फुलं. आंबवण फुलांनी सुरू होते असं म्हणतात. ती फुलं इथे वापरता येतील का?

प्रयोगवही
धायटीवर यीस्ट असतं आणि तिचा तुरटपणा अरिष्टाला लागतोच. पण अरिष्ट हे औषध, त्यात अल्कोहोल साधारण ५ ते १० टक्के, आणि चवीचा हेतूच वेगळा. इथे तिचा वास द्राक्षावर चढेल. आणि सोलापूरच्या उष्णतेत हळू सुरुवात आपल्याला परवडत नाही.

बार्शीची_अनघा
अवांतरात अवांतर: डाळिंबाची करता येते का? आमच्याकडे भगवा जास्त.

सातरस्ता
येते. दाण्यांतली पांढरी पडदी एकही जाता कामा नये, कडू होते. गोडी १५-१६ ब्रिक्स, म्हणजे साखर जास्त लागते. दाणे मिक्सरला लावू नका, बिया फुटतात. पिशवीत घालून दाबा. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, फळाबद्दल शंका असली तर तिथे जावं. पण हा वेगळ्या धाग्याचा विषय.

शेंगाचटणी
सडक्या अंड्याचा वास यायला लागला तर टाकून द्यायचं का ओ?

नान्नजचा_माळ
लगेच नको. तो हायड्रोजन सल्फाइड. कारणं मुख्यतः दोन. एक, भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेलं गंधक सालीवर राहिलं. परसातल्या वेलावर तोडणीच्या ४-५ आठवडे आधी गंधक बंद करा. बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचं) काम खरड छाटणीनंतर, म्हणजे फळ निघाल्यावरच्या छाटणीनंतर, आणि पावसाळ्यात, मण्यात पाणी उतरल्यावर नाही. दोन, यीस्ट उपाशी किंवा तापलेलं. अशा वेळी भांडं गार करा, खाद्य द्या आणि रस एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून, आवाज होईल असा ओता. वास उडून जातो. हे आंबणं चालू असतानाच. संपल्यावर असं ओतलं तर हवा मिसळून वाईन बिघडते.

तांब्याचा तांब्या बुडवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. वास जातो हे खरं, पण किती तांबं विरघळलं ते कळत नाही.

दूरदेशी
नेलपॉलिशचा वास आला तर मात्र उपाय नाही, तो इथाइल ॲसिटेट. हवा आणि उष्णता दोन्ही मिळाल्याची खूण.

म्हणून पिळल्यानंतरचा नियम एकच, बरणी गळ्यापर्यंत भरलेली. ७ लिटर असेल तर ५ लिटरची एक आणि २ लिटरची एक, दोन्ही काठोकाठ. १० लिटरच्या बरणीत ७ लिटर ठेवणं म्हणजे व्हिनेगरला आमंत्रण. दोन आठवड्यांनी नळीनं नितळ भाग काढा, गाळ मागे ठेवा. मग महिन्यानं, मग अडीच-तीन महिन्यांनी. दुसऱ्या उपशापासून प्रत्येक वेळी प्रयोगवहींचं द्रावण लिटरला अर्धा मिली. उपसताना नळीचं तोंड खालच्या भांड्याच्या तळाशी टेकलेलं, खळखळ नको.

मांडवकर
आणि एप्रिल-मे? तेव्हा तर ४०-४२. टॉवेल पुरेल?

सातरस्ता
आंबवायला पुरतो, साठवायला नाही. आंबणं संपून पहिला उपसा झाला की ७ लिटर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जाऊ द्या, जागा करावी लागली तरी. गारव्यानं गाळही लवकर बसतो. मग तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतील. घाबरून ओतून देऊ नका, ते टार्टारिकचे स्फटिक आहेत, निरुपद्रवी. धाब्याच्या घरात सावलीची, उत्तरेच्या भिंतीची जागा असेल तर फ्रिजच्या खालोखाल तीच.

वेळापूरचा_पाहुणा
गोड हवी असेल तर मध्येच थांबवायची कशी? केएमएस जास्त घालून?

दूरदेशी
ते थांबत नाही. केएमएसनं यीस्ट गुंगीत जातं, मरत नाही. उन्हाळ्यात पुन्हा जागं होतं आणि बाटली फुटते. पूर्ण कोरडी होऊ द्या, म्हणजे सगळी साखर आंबू द्या, गोडी पेल्यात घाला. शंका असेल तर एक बाटली कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकची भरा आणि दाबून बघत राहा. टणक झाली तर बाकीच्याही उघडा.

बार्शीची_अनघा
इतकं सगळं करून ती आंबटलीच तर?

नान्नजचा_माळ
मग शिरका करा. त्याला आपली हवा फार मानवते. व्हिनेगरच्या जिवाणूंना २५-३० अंश आणि भरपूर हवा लागते. वाईन समप्रमाणात उकळून गार केलेलं पाणी घालून ६ टक्क्यांवर आणा. न तापवलेलं, आत जाळी असलेलं जिवंत व्हिनेगर पाव भाग मिसळा. रुंद बरणी, तोंडाला कापड, ढवळायचं नाही. वर साय धरते, ती मोडू नका. दीड-दोन महिन्यांत होतं. नियमानं व्हिनेगरला किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल लागतं, टिकाऊ लोणच्याला ५ असावं. घरच्या शिरक्याची ताकद मोजता येत नसेल तर तो कोशिंबिरीत वापरा, लोणच्यात नको. आणि केएमएस जास्त पडलेल्या वाईनचा शिरका धरत नाही, हे आधीच लक्षात असू द्या.

कोर्टगल्ली
सुरुवातीचा मुद्दा शिरक्यालाही लागतो, कारण आधी वाईनच होते. परवानगी नसेल आणि यंदाचं फळ वाया जाऊ द्यायचं नसेल तर रस काढून ८० अंशाला तापवून निर्जंतुक बाटल्यांत गरमच भरा. किंवा बेदाणे करा.

मांडवकर
यंदा रस आणि बेदाणे, ठरलं. परवान्याची चौकशी त्याबरोबरच. आता मूळ प्रश्नातलं एकच राहिलं. उष्णतेवर जे सांगितलंत ते सगळं कुस्करल्यानंतरचं. त्याआधी काही करता येतं का? तोडणीच्या वेळेनं फरक पडतो?

सातरस्ता
खूप. दुपारी तोडलेला मणी ३५ अंशाचा असतो, पहाटे तोडलेला २२ चा. पहाटे साडेपाच-सहाला तोडा, ऊन वर यायच्या आत घरात आणा. दव असेल तर पुसून घ्या.

दूरदेशी
आणि धुवून सुकवल्यावर कुस्करायची घाई करू नका. घड रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, १२ किलोला दोन कप्पे लागतील. दुसऱ्या दिवशी गारच कुस्करा. लगदा ८-१० अंशावर सुरू होईल. केएमएसचे १२ तास त्याच गारव्यात जातात, जिवाणू झोपलेले राहतात आणि या वेळात थोडा रंगही उतरतो. मग तो आपोआप २० वर येऊ द्या आणि संध्याकाळी यीस्ट घाला. आंबणं जोरात येतं तिसऱ्या दिवशी. तोवर टॉवेल ओला झालेला आणि बाटल्या गोठलेल्या असायला हव्यात.

प्रयोगवही
गार लगद्याचा पीएच आणि ब्रिक्स मात्र लगेच मोजू नका. रस २० अंशावर आला की मोजा, नाहीतर २५० ग्रॅमचा हिशोब चुकेल.

शेंगाचटणी
फ्रीझरमध्ये बाटल्या आत्ताच ठेवल्या बगा. वाईन नाही तर नाही, पन्हं तरी गार होईल.